'टेल' या इंग्रजी क्रियापदाचा मोजण्याशी काय संबंध आहे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी आणि आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने मला विचारले की, बँकेत पैसे मोजून देणाऱ्या माणसाच्या खिडकीवर 'टेलर' अशी पाटी का असते. मराठीत लिहिताना कपडे शिवणारा टेलर आणि बँकेतला टेलर यांच्यात काहीच फरक राहत नाही, त्यामुळे तिला वाटले की दोन्ही शब्द एकच असावेत. इंग्रजी स्पेलिंग फळ्यावर लिहून मी तो गोंधळ दूर केला आणि बँकेतला शब्द 'टेल' या क्रियापदापासून झाला आहे असे सांगितले. त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला: "सर, टेल म्हणजे सांगणे. बँकेतला माणूस तर काहीच सांगत नाही, तो नोटा मोजतो." वर्गासमोर याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, आणि ते देता यावे म्हणून मी येथे विचारतो आहे.

याच्याशी जोडलेल्या आणखी दोन गोष्टी आहेत. 'टेल', 'टॉक' आणि गोष्ट या अर्थाचा 'टेल' हे तिन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत काय? आणि दुसरी गोष्ट रोजच्या अध्यापनातली आहे. आमची मुले 'ही सेड मी' असे हमखास लिहितात. कितीही वेळा दुरुस्त केले तरी पुढच्या निबंधात ते पुन्हा येतेच. घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, शाळेत दोन्ही आणि वर इंग्रजी, अशी या मुलांची स्थिती आहे. ही चूक त्यांच्या कोणत्या भाषेतून येते हे कळले तर ती सुधारण्याचा मार्ग सापडेल, असे मला वाटते.

शब्दशोध (टिळकवाडी, बेळगाव)

सर, आपल्या विद्यार्थिनीने शंका अगदी योग्य जागी घेतली आहे. बँकेतल्या त्या पाटीवर 'टेल'चा जुना अर्थ जिवंत राहिला आहे. 'टेल' म्हणजे सांगणे हे आज आपण पहिल्या धड्यात शिकतो, परंतु जुन्या इंग्रजीत 'तेल्लन' या क्रियापदाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते: मोजणे, हिशेब करणे हा एक आणि कथन करणे हा दुसरा. त्याच कुळातले 'तालु' हे नाम म्हणजे आजचा गोष्ट या अर्थाचा 'टेल'. म्हणजे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते, कारण क्रियापद आणि नाम ही सख्खी भावंडे आहेत.

इंग्रजीच्या नातलग भाषांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. डच भाषेत 'तेलेन' म्हणजे आजही मोजणे, आणि त्याला उपसर्ग लावून झालेले 'व्हर्तेलेन' म्हणजे गोष्ट सांगणे. त्याच भाषेत 'ताल' म्हणजे भाषा. जर्मनमध्ये 'त्साल' म्हणजे संख्या, 'त्सेलन' म्हणजे मोजणे आणि 'एर्त्सेलन' म्हणजे कथन करणे. स्वीडिश भाषेत तर 'ताल' हा एकच शब्द संख्येलाही चालतो आणि भाषणालाही. या सगळ्या भाषांत मोजणे आणि सांगणे यांची ताटातूट झालेली नाही. इंग्रजीत मात्र ती झाली. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा मोठा ओघ इंग्रजीत आला, आणि चौदाव्या शतकात 'काउंट' हे क्रियापद रूढ झाल्यावर मोजण्याचे काम त्याच्याकडे गेले. 'टेल'कडे मुख्यतः सांगणे उरले.

हा बदल एका दिवसात झाला नाही, आणि त्याच्या खुणा जुन्या ग्रंथांत जागोजागी आहेत. 1611 मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलमधील 147 व्या स्तोत्रात देव ताऱ्यांची संख्या 'टेल' करतो असे वाक्य आहे. तेथे देव ताऱ्यांना काही सांगत नाही, तो त्यांची गणना करतो. त्याच बायबलच्या निर्गम या ग्रंथात मिसर देशातल्या गुलामांनी रोज ठरलेल्या विटा पाडून द्याव्यात असा हुकूम आहे, आणि तेथे 'विटांची टेल' हा शब्दप्रयोग येतो. त्याचा अर्थ विटांची गोष्ट असा केला तर वाक्यच कळत नाही, कारण ती विटांची ठरलेली संख्या आहे.

आजच्या इंग्रजीतही हा अर्थ काही कोपऱ्यांत टिकून आहे. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून, एकूण मोजदाद केल्यावर. 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे न सांगितलेली संपत्ती नव्हे, अगणित संपत्ती. ब्रिटिश संसदेत मतविभागणीच्या वेळी सभासदांची मते मोजणाऱ्यांना 'टेलर्स' म्हणतात. बँकेतला टेलर याच पंक्तीतला आहे, आणि जुन्या इंग्लंडच्या राजकोषात तर टेलर हे एक मानाचे अधिकारपद होते.

ख्रिस्ती जपमाळेविषयी 'टेलिंग द बीड्स' असे म्हणतात, म्हणजे मणी मोजत जप करणे. या प्रयोगातल्या दोन्ही शब्दांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. 'बीड' या शब्दाचा मूळ अर्थ मणी नव्हताच. तो प्रार्थना या अर्थाचा शब्द होता. प्रार्थना मोजण्यासाठी जे मणी सरकवले जात, त्यांनाच पुढे 'बीड' म्हणू लागले. एका शब्दाचा अर्थ मोजण्याकडून बोलण्याकडे आला आणि दुसऱ्याचा प्रार्थनेकडून मोजल्या जाणाऱ्या वस्तूकडे गेला. तुळशीची माळ हाती घेऊन बसणाऱ्या आपल्याकडच्या वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण नाम घेणे आणि मणी ओढणे ही त्याच्या दृष्टीने एकच क्रिया असते.

माजी सैनिक (कॅम्प, बेळगाव)

शब्दशोध यांचे विवेचन वाचून सैन्यातली एक गोष्ट लिहावीशी वाटली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे येथील अनेक घरांना ती परिचयाची असेल. इंग्रजीत 'टेल ऑफ' असा प्रयोग आहे आणि आज त्याचा अर्थ झापणे, खरडपट्टी काढणे असा होतो. परंतु सैन्याच्या जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ निराळा होता. रांगेतील जवान मोजून त्यांच्यापैकी अमुक इतक्यांना अमुक कामावर नेमणे, याला 'टेल ऑफ' म्हणत. पहाऱ्यासाठी सहा माणसे 'टोल्ड ऑफ' झाली असे वाक्य असले तर त्या सहा जणांना कोणी रागावलेले नसते, त्यांना मोजून बाजूला काढलेले असते. आपल्या पलटणीत हजेरीच्या परेडला 'गिनती' हाच शब्द आहे. तेथेही आधी मोजणी होते आणि मग ज्याला त्याला काम सांगितले जाते, त्यामुळे एकाच क्रियापदाने ही दोन्ही कामे कशी केली असतील याची कल्पना आम्हा लोकांना सहज करता येते.

माझी एक शंका आहे. कामावर नेमण्याला आम्ही 'डिटेल करणे' असे म्हणतो. त्यातला 'टेल' हा हाच आहे काय?

हिशेबनीस (निपाणी)

मीही एक शंका जोडतो. मी तंबाखूच्या पेढीवर हिशेब पाहण्याचे काम करतो. संगणकावर हिशेब ठेवण्याची जी प्रणाली आज बहुतेक दुकानांत आहे तिचे नाव 'टॅली' आहे, आणि दोन वह्यांतील आकडे जुळले की आम्ही 'टॅली झाले' असेच म्हणतो. मोजण्याशी इतका जवळचा संबंध असलेला हा शब्द 'टेल'पासूनच आला असणार असे मला वाटते. तसेच 'टेलिफोन' हेही बोलण्याचेच साधन आहे, तेव्हा त्यातला 'टेलि'ही याच घराण्यातला असावा काय?

शब्दशोध

दोन्ही शंका रास्त आहेत, परंतु या तिन्ही शब्दांचे 'टेल'शी नाते नाही. ते का नाही हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल, कारण आवाजाने आणि अर्थाने इतके जवळ असलेले शब्द पाहिले की ते एका घरचे असल्याचा समज सहज होतो.

'टेलिफोन', 'टेलिव्हिजन', 'टेलिग्राम' यांतील 'टेलि' ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ दूर असा आहे. टेलिव्हिजनमध्ये बोलण्याचा नव्हे, पाहण्याचा संबंध येतो, यावरूनच ते ध्यानात येईल. मराठीत दूरध्वनी आणि दूरदर्शन हे शब्द घडवताना हा 'दूर' अचूक पकडला गेला आहे.

'टॅली'चे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'तालेआ' म्हणजे छाटलेली काठी किंवा फांदीचा तुकडा. इंग्लंडच्या राजकोषात काही शतके लाकडाच्या काठीवर खाचा पाडून देण्याघेण्याचा हिशेब ठेवत असत. काठी उभी चिरून एक भाग देणाऱ्याकडे आणि दुसरा घेणाऱ्याकडे राही. दोन्ही भाग जुळवले की खाचा तंतोतंत जुळल्या पाहिजेत, म्हणजे हिशेब खरा. निपाणीच्या पेढीवर आपण 'टॅली झाले' म्हणता तेव्हा त्या जुळणाऱ्या खाचाच बोलत असतात. पुढे ही पद्धत बंद झाली आणि साठलेल्या काठ्या जाळून टाकण्याचे ठरले. 16 ऑक्टोबर 1834 रोजी संसदेच्या इमारतीतल्या भट्ट्यांत त्या जाळल्या जात असताना आग भडकली आणि जुने संसदभवन बहुतांशी भस्मसात झाले.

आता गंमत अशी की, ज्या टेलरपासून मलप्रभाकाठ यांच्या विद्यार्थिनीला बँकेतला टेलर वेगळा करावा लागला, तो कपडे शिवणारा टेलर या 'टॅली'चाच नातलग आहे. 'तालेआ'पासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये छाटणे, कापणे या अर्थाचे क्रियापद झाले, त्यावरून फ्रेंचमध्ये कापणे या अर्थाचे क्रियापद आले आणि त्यापासून कापड कापणारा तो 'टेलर' झाला. माजी सैनिक यांनी विचारलेला 'डिटेल' हाही याच कापण्याच्या क्रियापदाचा वंशज आहे. एखादी गोष्ट बारीक तुकडे करून मांडली की तो तिचा तपशील होतो, आणि पलटणीतून काही माणसांचा तुकडा वेगळा काढला की ती 'डिटेल' होते. 'रिटेल' म्हणजे किरकोळ विक्रीसुद्धा याच कुळातली. म्हणजे शिंपी, टॅली, डिटेल आणि रिटेल हे एक घर, आणि बँकेतला टेलर, गोष्टीतला टेल आणि सांगण्याचा टेल हे दुसरे घर.

आख्यान (शहापूर, बेळगाव)

शब्दशोध यांनी इंग्रजी, डच आणि जर्मन यांचे दाखले दिले आहेत. त्यांना एक गोष्ट जोडली पाहिजे असे मला वाटते, कारण मोजणे आणि सांगणे यांची ही जोडी युरोपापुरती मर्यादित नाही. ती आपल्या हाताशी आहे आणि आपण ती रोज वापरतो.

संस्कृतमध्ये 'ख्या' हा धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ 'प्रकथने' असा दिला आहे, म्हणजे सांगणे, प्रकट करणे. त्यापासून 'आख्यान', 'व्याख्यान', 'व्याख्या', 'ख्याती', 'विख्यात' हे शब्द झाले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंगात बुवा जे कथानक रंगवतात त्याला आपण आख्यान म्हणतो. आता याच 'ख्या' धातूला 'सम्' हा उपसर्ग लावला की 'संख्या' होते. एकत्र करून सांगणे म्हणजे मोजणे! तत्त्वांची गणना करणारे 'सांख्य' दर्शनही येथूनच आले. 'आख्यान' आणि 'संख्या' या दोन शब्दांत कथन आणि गणना जशी एका धातूवर उभी आहेत, तशीच ती डच भाषेतल्या 'व्हर्तेलेन' आणि 'तेलेन' या जोडीत आहेत. धातू मात्र अगदी निराळे आहेत. 'ख्या' आणि 'टेल' यांच्यात रक्ताचे नाते नाही, म्हणूनच हे साम्य अधिक महत्त्वाचे ठरते.

ज्या फ्रेंच शब्दाने 'टेल'कडून मोजण्याचे काम काढून घेतले, त्याचीही हीच कथा आहे. लॅटिन 'कोम्पुतारे' म्हणजे हिशेब करणे. त्यापासून फ्रेंचमध्ये दोन क्रियापदे झाली, एकाचा अर्थ मोजणे आणि दुसऱ्याचा गोष्ट सांगणे. लिहिताना त्यांचे स्पेलिंग वेगळे आहे, उच्चार एकच आहे. स्पॅनिशमध्ये तर 'कोन्तार' हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. इंग्रजीने 'काउंट' घेतला तो मोजण्यासाठी, आणि 'रिकाउंट' घेतला तो सविस्तर सांगण्यासाठी. म्हणजे ज्या घरातून पाहुणा आला त्या घरातही मोजणे आणि सांगणे एकत्रच नांदत होते. हिब्रू भाषेतही एकाच धातूपासून मोजणे, कथन करणे, संख्या आणि ग्रंथ या अर्थांचे शब्द होतात, आणि ज्या स्तोत्राचा दाखला वर आला आहे ते मुळात हिब्रूतच रचलेले आहे.

असे का व्हावे? मोजणी हे काम माणसाने फार काळ तोंडाने केले आहे. खळ्यावर धान्याची रास मापून देताना मापारी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो आणि पुढे मोठ्याने एकेक आकडा उच्चारत जातो. ती मोजणी ऐकणाऱ्यासाठी असते. घेणारा आणि देणारा दोघेही ती कानाने तपासत असतात. एकामागून एक, क्रम न चुकवता, काहीही न गाळता उच्चारत जाणे ही मोजणीची अट आहे आणि हीच चांगल्या कथनाचीही अट आहे. माझ्या मते या दोन अर्थांना जोडणारा धागा क्रमाचा आहे.

मराठीतल्या आपल्या क्रियापदांविषयीही थोडे लिहितो. 'म्हणणे' हे संस्कृत 'भण्' या धातूपासून प्राकृत 'भण' असा प्रवास करून आले आहे. 'बोलणे' मात्र संस्कृतात सापडत नाही. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात 'कथ्' या संस्कृत धातूऐवजी प्राकृतात कोणते धातू वापरले जातात याची यादी दिली आहे, आणि त्या यादीत 'बोल्ल' आहे. त्याच यादीत 'संघ' असाही एक धातू आहे, आणि त्याच्या शेजारी आपला 'सांग' ठेवून पाहिला की दोघांची ठेवण एक असल्याचे जाणवते. हेमचंद्र हे संस्कृताचे मोठे पंडित होते, तरीही लोकांच्या तोंडच्या या शब्दांना त्यांनी सूत्रात जागा दिली, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे.

घटप्रभा (गोकाक)

माझी मातृभाषा कन्नड आहे आणि शिक्षण मराठी शाळेत झाले, म्हणून या चर्चेत दोन गोष्टी लिहिण्याचे धाडस करते.

पहिली गोष्ट शब्दांच्या नात्याविषयी. इंग्रजी 'टेल' आणि जर्मन 'त्सेलन' हे एकच शब्द आहेत हे नुसत्या कानाला पटत नाही. परंतु आपल्या भागातील मुलांना ते फार सोपेपणाने पटवता येईल. जुन्या कन्नडमधला शब्दाच्या सुरुवातीचा 'प' पुढे 'ह' झाला. तमिळमध्ये दूध म्हणजे 'पाल्', कन्नडमध्ये 'हालु'. तमिळमध्ये वाघ 'पुलि', कन्नडमध्ये 'हुलि'. तमिळमध्ये दहा 'पत्तु', कन्नडमध्ये 'हत्तु'. बोलण्याच्या आमच्या 'हेळु' या क्रियापदाचे जुने कन्नड रूपही 'पेळ्' असेच होते. हा बदल एखाद्या शब्दापुरता नाही, तो रांगेने झालेला आहे. इंग्रजी आणि जर्मन यांच्यातही तसेच आहे. इंग्रजी 'टेन' जर्मनमध्ये 'त्सेन', 'टू' तेथे 'त्स्वाय', दात या अर्थाचा 'टूथ' तेथे 'त्सान'. त्याच रांगेत 'टेल' आणि 'त्सेलन' उभे आहेत. संस्कृतचे 'दश', 'द्वि' आणि 'दन्त' या शब्दांशी इंग्रजी शब्द ताडून पाहिले तर तेथे 'द'चा 'ट' झालेला दिसतो, म्हणजे आणखी मागची एक पायरीही दिसते. वर ज्या फसव्या शब्दांची चर्चा झाली, त्यांना ओळखण्याचे साधन हेच आहे: सारखा आवाज पुरावा ठरत नाही, रांगेने होणारा बदल पुरावा ठरतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या चुकीविषयी. कन्नडमध्ये 'हेळु' हे एकच क्रियापद इंग्रजी 'से' आणि 'टेल' या दोघांचे काम करते. 'ननगे हेळु' म्हणजे मला सांग, आणि 'बरुत्तेने अंत हेळिद' म्हणजे 'येतो' असे तो म्हणाला. म्हणून कन्नड घरातल्या मुलाला हे दोन इंग्रजी शब्द वेगळे का ठेवायचे हेच समजत नाही. मराठीत 'म्हणणे' आणि 'सांगणे' असे दोन शब्द असल्यामुळे मराठी मुलांना हा फरक सोपा जावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आख्यान

ताई, ध्वनिबदलाचे आपण दिलेले उदाहरण उत्तम आहे आणि ते वर्गात वापरलेच पाहिजे. दुसऱ्या मुद्द्याविषयी मात्र मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मराठीत दोन शब्द आहेत हे खरे, परंतु 'ही सेड मी' ही चूक मराठीतूनही तितक्याच सहज येते. आपण 'तो मला म्हणाला' असे म्हणतो. 'म्हणणे' या क्रियापदाला ऐकणारा 'ला' प्रत्ययासह चालतो. तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की 'ही सेड मी' तयार होते. इंग्रजी 'से'ला ऐकणारा थेट चालत नाही, त्याला मध्ये 'टू' लागतो. म्हणजे घरचे मराठी आणि बाजारातले कन्नड ही दोन्ही या मुलांना एकाच चुकीकडे नेत आहेत, आणि मलप्रभाकाठ यांच्या वर्गात ती वारंवार होते याचे कारण हेच असले पाहिजे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या तासाला काय सांगायचे हे आता स्पष्ट झाले आहे. 'टॉक' आणि 'स्पीक' यांच्याविषयी कोणी लिहिले, तर या चारही क्रियापदांचा एक पाठ एकत्रच घेता येईल.

शब्दशोध

'टॉक' हा 'टेल'च्याच घरातला आहे. तो इंग्रजीत तेराव्या शतकाच्या आसपास दिसू लागतो, आणि अभ्यासक तो सांगणे या अर्थाच्या 'टेल' या क्रियापदाला किंवा गोष्ट या अर्थाच्या 'टेल' या नामाला 'क' हा प्रत्यय लागून झाला असावा असे मानतात. हा प्रत्यय क्रिया पुन्हा पुन्हा किंवा सतत होत असल्याचे दाखवतो. 'हिअर' म्हणजे ऐकणे, त्यावरून 'हार्क' म्हणजे कान देऊन ऐकणे. चोरपावलांनी जाणे या अर्थाच्या 'स्टील'वरून 'स्टॉक' म्हणजे दबा धरून पाठलाग करणे. त्याच पद्धतीने 'टेल'वरून 'टॉक'. एकदा सांगून संपते ते 'टेल', आणि पुढे चालूच राहते ते 'टॉक'. मराठी हेच काम शब्दाची द्विरुक्ती करून साधते, जसे बडबडणे, कुजबुजणे, पुटपुटणे.

'स्पीक'चे घर निराळे आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'स्प्रेकन' होते आणि त्यात 'र' होता. जर्मन 'श्प्रेखन' आणि डच 'स्प्रेकन' यांनी तो अजून सांभाळला आहे. इंग्रजीने तो जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या काळात गमावला. चक्राचे चाक आणि सूत्राचे सूत होताना आपल्याकडेही 'र' गळाला, परंतु या दोन घटना एकसारख्या मानू नयेत. प्राकृतात तो नियमाने गळाला, आणि इंग्रजीत या एका शब्दापुरता. 'स्प्रिंग' आणि 'स्प्रेड' यांतला 'र' तेथे शाबूत आहे. 'से'विषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे: जर्मन 'झागन' त्याचा भाऊ, आणि उत्तरेकडच्या आइसलँडमधील 'सागा' या दीर्घ कथांचे नाव त्याच कुळातले.

आता पाठाविषयी. मुलांना चारही क्रियापदे व्याख्या देऊन शिकवण्यापेक्षा त्यांच्या मराठी जोड्या आधी लक्षात आणून द्याव्यात, कारण बहुतेक ठिकाणी त्या आश्चर्यकारकपणे जुळतात. आपण प्रार्थना म्हणतो आणि पाढे म्हणतो, सांगत नाही. इंग्रजीतही प्रार्थना 'से' करतात, 'टेल' नाही. आपण गोष्ट सांगतो, म्हणत नाही. इंग्रजीतही गोष्ट 'टेल' करतात. भाषा मात्र आपण बोलतो, आणि तेथे इंग्रजीत 'स्पीक' येतो. एवढे झाल्यावर जेथे जोडी मोडते ती जागा दाखवावी. 'तो मला म्हणाला' याचे इंग्रजी करताना मुलांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: क्रियापदानंतर लगेच माणूस येतो आहे की त्याचे शब्द? माणूस येत असेल तर 'टेल', शब्द येत असतील तर 'से'. मोजून द्यायचे म्हटले की घेणारा समोर असावाच लागतो, आणि 'टेल'ला ऐकणारा जवळ लागतो याचा मुलांना विसर पडू नये म्हणून बँकेच्या खिडकीचे उदाहरण तेथे उपयोगी पडेल. 'खरे सांगणे', 'खोटे सांगणे' आणि 'गोष्ट सांगणे' या प्रयोगांत इंग्रजी 'टेल'सुद्धा ऐकणाऱ्यावाचून चालतो, एवढा अपवाद त्याच तासाला सांगून टाकावा.

घटप्रभा

आणखी एक जोड सुचवते. 'त्याला ये म्हणून सांग' हे वाक्य मुलांना फळ्यावर लिहून द्या आणि त्याखाली कन्नड लिहा, 'अवनिगे बा अंत हेळु'. शब्दाला शब्द जुळतो: 'म्हणून'च्या जागी 'अंत', 'सांग'च्या जागी 'हेळु'. दोन्ही भाषा येणाऱ्या आपल्या मुलांना ते पाहताक्षणी कळेल. मग तेच वाक्य इंग्रजीत 'टेल हिम टु कम' असे लिहून दाखवा. येथे 'म्हणून' आणि 'अंत' गळून पडतात, आणि 'हिम' मात्र 'टेल'ला चिकटून बसतो. आमच्या गोकाकच्या शाळेत मी हे तिन्ही ओळींत लिहून घेते, आणि त्यानंतर मुले 'से हिम टु कम' असे क्वचितच लिहितात.